शुक्रवारची गोळी : आमवाताच्या उपचारांचा थोडासा इतिहास

मंडळी, उम्म अल कुवैनहून शारजाकडे जाताना दोन्ही अमिरातींच्या सीमेवर एक टेकाड लागते. त्याचे नाव तेल अब्राक. ऑफिसला जाता-येता मी कित्येक वर्षे त्याच्या जवळून गाडी हाकली, पण कधी थांबून पाहिले नाही. १९८९ साली डॅनियल पॉट्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन सुरू केले आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक दगडी कबर सापडली. आत शेकडो माणसांच्या अस्थी होत्या. त्यांत अठराएक वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातापायांची हाडे अगदी बारीक होती आणि स्नायू चिकटल्याच्या खुणा जेमतेम दिसत होत्या. डेब्रा मार्टिन या अभ्यासिकेच्या मते तिला बहुधा पोलिओ झाला असावा. तिला चालणे अवघड असणार आणि रात्रंदिवस कुणीतरी तिचे करत असणार. म्हणजे घरच्यांनी तिला सांभाळले होते. पण तिचे दात मात्र त्या वयाला न शोभण्याइतके किडले होते. मार्टिनबाईंचा अंदाज असा, की तिला बरे वाटावे म्हणून घरचे लोक तिला चिकट, गोड खजूर भरपूर भरवत असावेत.

हे वाचले तेव्हा मला एकदम आमच्या घराची आठवण झाली. प्रेमापोटी चुकीचे खायला घालणारा (आणि हवे ते काढून घेणारा) मीही त्यातलाच एक!

आमची एक्सेल शीट

२०१७ च्या हिवाळ्यात सौ.ची बोटे सकाळी आखडू लागली. दोन-दोन तास मूठ वळत नसे. आधी वाटले, थंडी असेल, कामाचा ताण असेल. तपासण्यांनंतर निदान झाले : ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे ज्याला आपण साधारणपणे आमवात म्हणतो तो. वयोमानाने गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. आपल्या भाषेत (म्हणजे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत) सांगायचे तर अँटीव्हायरसनेच आपल्या फाइल्सना व्हायरस समजून त्या खायला सुरुवात करावी, तसे शरीराची संरक्षण यंत्रणा सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवते.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदा दिली आणि वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड. आम्ही शुक्रवार ठरवला, म्हणून घरात तिचे नाव पडले 'शुक्रवारची गोळी'. तीन-चार महिन्यांत चांगला उतार पडला. आणि इथेच माझ्यातला शहाणा माणूस जागा झाला. मी परदेशात मास्टर्स केलेले, आकडे आणि तक्ते हा माझा धंदा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे सल्ले गोळा करून मी एक्सेल शीट तयार केली : टोमॅटो बंद, वांगे बंद, दही बंद, गहू बंद, सकाळी अमुक रस, रात्री तमुक चूर्ण. गोळीमुळे मळमळते म्हणून गोळीही बंद. "पथ्यानेच बरे होईल," असे मी ठामपणे सांगितले. सौ. एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, तुमच्या शीटला सांगा, माझी बोटं पुन्हा दुखायला लागलीत." मी म्हटले, अजून महिनाभर बघू.

असे पाच महिने गेले. नंतरच्या एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या. उजव्या हाताची दोन बोटे आता पूर्ण सरळ होत नाहीत, होणारही नाहीत. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त फिल्म दिव्यासमोर धरली. त्यानंतर मी या आजाराचा इतिहास वाचू लागलो. पुढचे लिखाण त्यातूनच आले आहे.

माधवकरांपासून रेन्वारपर्यंत

आपल्याकडे आमवाताचे स्वतंत्र आणि सविस्तर वर्णन 'माधवनिदान' या ग्रंथात मिळते. माधवकरांचा काळ साधारण सातवे-आठवे शतक. त्यांचा आमवात आणि आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस तंतोतंत एक आहेत असे म्हणता येणार नाही, पण सुजलेले, ठणकणारे सांधे, ताप, अरुची अशी बरीच लक्षणे जुळतात. मला आश्चर्य वाटले ते कारणांचे. विरुद्ध आहार आणि मंद अग्नी यांच्या जोडीला माधवकरांनी हालचालीचा अभाव आणि स्निग्ध जेवणावर लगेच केलेला व्यायाम, ही कारणेही दिली आहेत. म्हणजे आहार आणि व्यायाम ही दोन्ही प्रकरणे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीही या आजाराशी जोडलेली होती. पुढे अकराव्या शतकात चक्रदत्तांनी उपचारांत आधी लंघन, मग शेक, मग कडू-तिखट दीपन द्रव्ये असा क्रम सांगितला. सुंठीच्या काढ्यात एरंडेल घेणारी आजी तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

युरोपात १८०० साली पॅरिसच्या लांद्रे-बोवे या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात या आजाराच्या नऊ स्त्रियांचे वर्णन केले, पण त्याला तो गाऊटचाच एक प्रकार वाटला. १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी आजार वेगळा ओळखून त्याला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस' हे नाव दिले. नाव मिळाले, औषध मात्र नव्हते. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार रेन्वारला १८९० च्या दशकात हा आजार जडला. तो रोज सकाळी तीन छोटे चेंडू हवेत उडवून झेलण्याचा व्यायाम करी, बोटे चालती राहावीत म्हणून. पुढे चेंडू धरता येईनात. बोटे इतकी वाकली, की ब्रश दुसऱ्याने हातात अडकवून द्यावा लागे. तरी १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चित्रे काढत राहिला. त्याच्या चिकाटीला नमस्कार. पण त्याची कहाणी हेही सांगते, की औषधाविना नुसता व्यायाम सांधे वाचवू शकला नाही.

परळची गोष्ट

आता आपल्या घरची गोष्ट. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरणगावातल्या गरोदर कामगार स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा गंभीर रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकींचा जीव जाई. विल्सबाईंनी त्या बायकांच्या आहाराकडे लक्ष दिले. यीस्टच्या अर्काने (म्हणजे दुकानात मिळणाऱ्या मार्माइटनेही) हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते? पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले गेले आणि पानावरून त्याला नाव मिळाले फॉलिक ॲसिड. विल्सबाई शोधत होत्या ते हेच.

हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातले भीमवरम. १९२३ मध्ये बोस्टनला गेले. आपल्यासारखेच घर सोडून आलेले. फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशींना फसवून त्याचे काम अडवणारी द्रव्ये त्यांच्या चमूने तयार केली. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्यांतले एक, ॲमिनोप्टेरिन, रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना देऊन काही काळ उतार पडल्याचे दाखवले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले, वय अवघे ५३. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुबनर यांनी हेच औषध आमवाताच्या रुग्णांत उपयोगी पडते असे नोंदवले. त्याचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी त्याला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९८८ साल उजाडले.

म्हणजे बघा, जिला मी 'केमिकल' म्हणून घरातून हाकलले, त्या गोळीचे एक मूळ परळच्या गिरणी कामगार बायकांच्या ताटात आहे! आहाराचाच कसून अभ्यास करता करता हे औषध हाती आले. पथ्य विरुद्ध गोळी हे भांडण मी माझ्या घरात लावले होते, इतिहासात ते तसे नव्हते.

अंथरुणातून मैदानात

दरम्यान १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेन्च आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. पण मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही लवकरच समोर आले आणि एकाच जादूवर विसंबण्याची चूक कळली.

व्यायामाबाबत उलटे घडले. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर म्हणत, विश्रांती घ्या. रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत, सांध्यांना पट्ट्या बांधत. सांधे वाचतील या आशेने स्नायू मात्र वाळून जात. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये काही डॉक्टरांनी रुग्णांना सायकल चालवायला लावून पाहिले. २००३ मध्ये नेदरलँड्सचा मोठा अभ्यास आला : सुमारे ३०० रुग्ण, दोन वर्षे, गटाने आठवड्यातून दोनदा चांगला दमवणारा व्यायाम. ताकद आणि रोजची कामे करण्याची क्षमता सुधारली, आणि एकंदरीत सांध्यांची हानी वाढली नाही. फक्त मोठे सांधे आधीच खूप बिघडले असतील तर जपून, असा इशारा त्यात होता.

आपल्या महाराष्ट्राचा यातला वाटा विसरता येणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योग प्रयोगशाळेत नेला. आणि आपल्या शेजारी दुबईत डॉ. हुमेरा बादशा आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांचा एक छोटा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. आठ आठवडे योग करणाऱ्या २६ जणांत आजाराची तीव्रता आणि हालचालीतील अडचण कमी झालेली दिसली. अभ्यास प्राथमिक आहे, पण आपल्याच गावचा आहे.

उपासाचे काय?

१९९१ मध्ये ओस्लोच्या डॉक्टरांनी चक्रदत्तांच्या लंघनासारखाच प्रयोग केला : सात ते दहा दिवस जवळजवळ उपास, मग वर्षभर शाकाहार. रुग्णांना आराम पडला आणि वर्षानंतरही बराचसा टिकला. पण नुसता उपास करून पुन्हा नेहमीचे जेवण सुरू केले, की दुखणे परत येते, हेही अशा अभ्यासांत दिसले होते. २००३ मध्ये स्वीडनमध्ये भूमध्यसागरी आहाराचा चांगला उपयोग दिसला. अखेर २०२२ मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने या सगळ्याचा ताळेबंद मांडला. नियमित व्यायामाची शिफारस ठाम. भूमध्यसागरी पद्धतीच्या आहाराची शिफारस आहे, पण जरा हात राखून. बाकीचे विशेष 'डाएट' आणि पूरक गोळ्या यांची शिफारस नाही. आणि हे सारे औषधासोबत, औषधाऐवजी नव्हे.

आपल्या स्वयंपाकघरात हे फार परके नाही. डाळी, उसळी, पालेभाज्या, भाकरी, मूठभर दाणे, जवसाची चटणी, बांगडा किंवा तारली. तळण, साखर आणि मैदा कमी. हा माझा मराठी अनुवाद, अभ्यास ऑलिव्ह तेलावर झाले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. चूर्ण-काढे घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मेथोट्रेक्सेट घेताना यकृतावर लक्ष ठेवावे लागते. त्याच कारणाने मद्याबाबतही विचारून घ्या. मूल हवे असेल तर गोळीबद्दल आधीच बोला, गरोदरपणात ती चालत नाही. धूम्रपान मात्र सोडाच.

हा काही श्रीमंतांचा आजार नव्हे. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवण गावात घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांत हा आजार साधारण दोनशेत एकाला आढळला. म्हणजे आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला जमणाऱ्या गर्दीतही एखाद-दुसरी व्यक्ती असेलच. कदाचित ती अजून थंडीलाच दोष देत असेल. सकाळी सांधे तासभर आखडत असतील, सूज सहा आठवडे टिकत असेल, तर तज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आमचे पाच मी वाया घालवले.

आता आमच्याकडे शुक्रवारी गोळी असते. रोज सकाळी खाडीकाठी अर्धा तास चालणे, मग बोटांचे व्यायाम. एक्सेल शीट अजून आहे, पण तिच्यात आता रक्ततपासणीच्या तारखा आहेत. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या कळ्या पूर्वी सौ. पाडायची, आता ती शेजारी बसून सांगते आणि मी पाडतो. माझे मोदक बहुतेक फुटतात. ती हसते आणि म्हणते, "पारी जाड ठेवा, घाई करू नका."

आपणा सर्वांना निरोगी आयुष्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना!