काच निवते कशी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खेडोपाडी वीज नव्हती तेव्हा कंदील म्हटला की ‘प्रभाकर’ हेच नाव तोंडी येई. तो होई कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस. ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ सालचा. त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा मागत तो फंड जमविला, लोकमान्यांनी त्यास पाठबळ दिले. फंड जमविणारांची नावे इतिहासात राहिली. भट्टीपाशी काच फुंकणारांची राहिली नाहीत, ही आम्हा कामगार-चळवळीतल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

त्या फुंकणारांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. फुंकलेली काच तशीच उघड्यावर ठेवली तर तडकते. ती मंद आचेच्या भट्टीत हळूहळू निववावी लागते. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, आणि ताण आतच अडकून राहतो.

पण हे घट्ट होणे म्हणजे काय? पाण्याचे बर्फ होते तेव्हा रेणू शिस्तीने रांगेत बसतात. काचेत रांग लागतच नाही. द्रवाची अस्ताव्यस्त गर्दी जागच्या जागी थिजते. चिक्कीचा साखरेचा पाक झटकन गार झाला की असाच पारदर्शक, कडक होतो. कंदिलाच्या काचेत सुटे रेणू नसतात, सगळे जाळेच असते. साखर, ग्लिसरीन ह्यांचे मात्र सुटे, ओबडधोबड आकाराचे रेणू. त्यांना नुसते सरकून भागत नाही, वळावेही लागते. भरल्या बोळात खाटले वळविण्यासारखेच ते. शेजारी हलल्याखेरीज वळता येत नाही. जसजसा द्रव निवतो, तसतसे निमिषात होणारे वळण मिनिटे, मग दिवस घेऊ लागते.

विजेच्या क्षेत्रात रेणू किती वेळात वळतात ह्याचा हिशेब पीटर डिबाय ह्यांनी १९१३ साली मांडला होता. जोहारी आणि गोल्डस्टीन ह्यांनी १९७० साली दाखविले की थिजलेल्या काचेतही थोडी चुळबूळ शिल्लक असते. पुढे २००७ साली अमेरिकेत वाफेचे थर सावकाश चढवून अधिक दाट, अधिक टिकाऊ काच केली गेली. पृष्ठभागावरचा रेणू मोकळा असतो. दाबला जाण्यापूर्वी त्याला नीट बसण्यास अवधी मिळतो. तो आडवा निजेल की उभा राहील, हे पुष्कळसे खालच्या तबकडीच्या उष्णतेवर ठरते. आजच्या कित्येक मोबाइलच्या पडद्यांत असेच पातळ थर असतात, आणि रेणू आडवे निजलेले असले तर प्रकाश अधिक बाहेर पडतो.