धरमतरचा काळोख आणि डोळ्यातला जांभळा रंग

वाचकहो, अवसेच्या रात्री धरमतरच्या बंदरावर कधी उभे राहिला आहात काय? दिव्यापासून दूर गेलात की आधी नुसता काळोख. मग हळूहळू खाडीचे पाणी दिसू लागते, पलीकडचा काठ उमटतो. नजर पुरती बसायला अर्धा तास तरी जातो. एवढा वेळ डोळा करतो तरी काय?

याचा पहिला धागा १८७६ साली रोममध्ये सापडला. फ्रान्झ बोल या तरुण जर्मन शास्त्रज्ञाला दिसले, की बेडकाच्या डोळ्याचा आतला पडदा लालसर असतो आणि उजेडात बघता बघता फिका पडतो. बेडूक अंधारात ठेवला, की रंग परत भरतो! बिचारा बोल १८७९ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी गेला. पण हायडेलबर्गच्या क्यूने यांनी काम पुढे नेले. त्यांनी सशाला खिडकीसमोर धरले आणि मागाहून त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर त्या खिडकीचे चित्र उमटलेले दाखवले.

हा रंग म्हणजे ऱ्होडॉप्सिन. ऑप्सिन नावाच्या प्रथिनांच्या कुळातला हा थोरला. पेशीच्या पातळ पापुद्र्यात तो दोऱ्यासारखा सात वेळा आरपार ओवलेला असतो आणि त्याच्या पोटात जीवनसत्त्व ‘अ’पासून झालेला एक वाकडा तुकडा बसलेला असतो. उजेड लागला की तुकडा सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे वर्दी जाते. काळोखात हा साठा पुन्हा जुळतो. त्यालाच तो अर्धा तास लागतो. रंग ओळखणारी याची तीन भावंडे वेगळ्या पेशींत राहतात, ती मात्र उजेडातच कामाची.

डोळ्याच्या पडद्यात जीवनसत्त्व ‘अ’ असते, हे जॉर्ज वाल्ड यांनी १९३३ साली दाखवले. १९६७ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रातांधळेपणाचे कोडे इथे उलगडले, बरं का! प्रथिन आहे, पण पोटातला तुकडाच नाही, मग दिवेलागणीला पोर चाचपडणारच. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या मुशीच्या यकृताचे तेल काढू लागले. मुशी आपल्या कोळ्यांच्या रोजच्या ओळखीची! पुढे १९७० साली सरकारने लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली.

पण १९९० साली आणखी एक गोष्ट कळली. काही घराण्यांत ऱ्होडॉप्सिनचा साचाच जन्मतः बिघडलेला असतो. तिथेही सुरुवात रातांधळेपणानेच होते, पण त्यावर तेलाचा उपाय चालत नाही. तेव्हा सांजेला ठेचकाळणारे मूल घरी असेल, तर नुसत्या तेलावर विसंबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.