कोरेगावचा स्तंभ आणि त्यावरील नावे

शिरूर घोडनदीच्या तीरी, तर दौंड भीमेच्या तीरी वसलेले. याच भीमेच्या वरच्या अंगास, कोरेगावासमोर पेरणे गावच्या हद्दीत, एक पाषाणस्तंभ उभा आहे. आपल्या समाजबांधवांपैकी बहुतेकांनी त्याचे दर्शन घेतले असेल. परंतु त्यावरील नावे कितीजणांनी वाचली आहेत?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून सुमारे ८३४ जणांची तुकडी व दोन तोफा घेऊन पुण्याकडे निघाला. दुसरे दिवशी भीमेपलीकडे पेशव्यांची सुमारे २८ हजारांची फौज दिसताच त्याने कोरेगावात आश्रय घेतला. अन्नपाण्यावाचून कासावीस झालेले शिपाई रात्रीपर्यंत झुंजले. अखेर पेशव्यांचे सैन्य निघून गेले. कंपनीचे सुमारे २७५ लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

स्मारकाची कोनशिला २६ मार्च १८२१ रोजी बसविण्यात आली. ३२ फूट चौरस दगडी चौथऱ्यावर, वर निमुळता होत जाणारा हा चौकोनी स्तंभ ६५ फूट उंच आहे. त्यावर कोणाची मूर्ती नाही. आहेत ते इंग्रजी व मराठी लेख, आणि मृतांची नावे.

हा स्तंभ कंपनीने स्वतःच्या गौरवार्थ उभारला, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि त्यावरील ४९ मृतांपैकी २२ नावांच्या अंती 'नाक' हे आपल्या महार पूर्वजांचे पद आहे. ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांची नावे अन्य जातींच्या व मुसलमान शिपायांच्या पंक्तीत कोरली गेली. पुढे त्याच सरकारने आपली सैन्यभरती बंद केली! ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

दगडावर कोरलेली नावे टिकली. घरोघरच्या पेट्यांतील पदके व कागद मात्र कसरीच्या तोंडी जात आहेत. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरातील शिपायाचे नाव, पलटण व साल लिहून ठेवावे. पूर्वजांना अभिवादन करण्याचा याहून साधा मार्ग नाही.