मोटोक्रॉसवरील माहितीपट

मोटोक्रॉस म्हणजे चढउतारांच्या बंदिस्त मातीच्या मार्गावरील मोटारसायकल शर्यत. मोटारसायकल शर्यतींवरील माहितीपटांत ब्रूस ब्राऊन दिग्दर्शित ‘ऑन एनी संडे’ (१९७१) मानदंड ठरला. अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी त्यास अर्थसाहाय्य केले. पडद्यावरही ते स्वार म्हणून दिसतात. शिरस्त्राणावरील कॅमेरा व संथगती चित्रणामुळे स्वाराची जोखीम प्रेक्षकास जवळून जाणवते. १९६९ चे अमेरिकी अजिंक्यपद पटकावलेल्या मर्ट लॉविल यांना ते १९७० मध्ये राखता आले नाही. हा पराभवही ब्राऊन यांनी टिपला. माहितीपटाला ऑस्कर नामांकन लाभले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. २००४ पासून ‘इफ्फी’ भरणाऱ्या गोव्यात, चोपडे-पेडण्यातील होतकरू माहितीपटकारांना हा विषय फार दूरचा नाही.