पडद्यावरचा बिघाड : दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

संगणक सुरू करावा आणि पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा उमटाव्यात, अक्षरांवर रंगीत ठिपके पसरावेत, किंवा ऐन कामाच्या वेळी सारा पडदा काळा व्हावा, हा अनुभव नवा नाही. अशा वेळी घरोघरी दोन निष्कर्ष ठरलेले असतात. एक म्हणजे ‘मॉनिटर गेला’ आणि दुसरा म्हणजे ‘आता फॉरमॅट मारावा लागणार’. पहिल्या निष्कर्षापोटी धडधाकट मॉनिटर अडगळीत जातो. दुसऱ्यापोटी वर्षानुवर्षे जपलेली छायाचित्रे आणि कागदपत्रे पुसली जातात. मूळ दोष मात्र तिसऱ्याच ठिकाणी असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. वास्तविक हा दोष यंत्राचा आहे की ड्रायव्हरचा, हे घरच्या घरी, कोणतेही उपकरण विकत न घेता बऱ्याच अंशी ठरवता येते.

चित्राचा प्रवास

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र एका साखळीतून येते. आज्ञावली ते चित्र मागते, ऑपरेटिंग सिस्टीम ती मागणी ड्रायव्हरकडे सोपवते, ड्रायव्हर तिचे ग्राफिक्स चिपला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. चिप चित्र तयार करून स्मृतीत ठेवते आणि तेथून ते केबलमार्गे मॉनिटरपर्यंत पोहोचते. ड्रायव्हर हा या साखळीतला दुभाषी होय. त्याला स्वतःचे अस्तित्व नाही. ती केवळ एक आज्ञावली असते. ती काढता येते, बदलता येते, पुन्हा बसवता येते. चिप, स्मृती, केबल आणि मॉनिटर या मात्र वस्तू आहेत. त्या झिजतात, तापतात, सैल होतात.

संगणक सुरू झाल्यापासून विंडोज उभी राहीपर्यंतच्या काही क्षणांत ग्राफिक्स कंपनीचा हा दुभाषी कामावर आलेलाच नसतो. निदानाची किल्ली येथेच आहे. ‘ड्रायव्हर नसतानाही चित्र बिघडते का?’ या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, की अर्धे काम झाले.

आधी मॉनिटर आणि केबल

तपासणीचा आरंभ साखळीच्या शेवटच्या टोकापासून करावा, कारण ते सर्वांत सोपे. मॉनिटरवरील बटण दाबून त्याची स्वतःची मेन्यू उघडावी. ही मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो. तिचा संगणकाशी संबंध नसतो. तिच्यावरूनही रेघा जात असतील, किंवा केबल काढल्यावर ‘सिग्नल नाही’ असे सांगणारी सूचनाही विद्रूप दिसत असेल, तर दोष मॉनिटरचा आहे. मेन्यू स्वच्छ असेल तर केबल बदलून पाहावी, दुसरे पोर्ट वापरून पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपमध्ये केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचली जाणे, ही फार वेळा होणारी चूक आहे. साफसफाईनंतर पडदा काळाच राहिला, तर प्रथम हेच पाहावे.

लॅपटॉपला एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही जोडावा. बाहेर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपच्या पडद्यावर खराब, असे असेल तर संशय पॅनेलवर आणि त्याकडे जाणाऱ्या अंतर्गत केबलवर घ्यावा. झाकण हळूच मागे-पुढे करताना चित्र येत-जात असेल, तर बिजागरीजवळून जाणारी ही केबल दुखावली असण्याची शक्यता मोठी. पडदा काळा असूनही विजेरीचा झोत तिरका टाकल्यावर चित्र पुसटसे दिसत असेल, तर चित्र येते आहे, केवळ मागून प्रकाश देणारा बॅकलाइट बंद आहे. दोन्हीकडे चित्र सारखेच बिघडत असेल, तर दोष साखळीत मागे, म्हणजे चिप, स्मृती किंवा ड्रायव्हर यांपैकी कोठेतरी आहे. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये बाहेरचे पोर्ट निराळ्या चिपला जोडलेले असते, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

याला पूरक अशी एक युक्ती आहे. बिघाड दिसत असतानाच ‘प्रिंट स्क्रीन’ने पडद्याचे चित्र टिपावे आणि ते मोबाइलवर पाठवून पाहावे. टिपलेल्या चित्रातही ठिपके आणि रेघा असतील, तर बिघाड केबलच्या आधीच झालेला आहे. चित्र स्वच्छ असेल, तर बहुधा केबल, पोर्ट किंवा पॅनेल दोषी असते.

ड्रायव्हर येण्यापूर्वीचे क्षण

यानंतरची चाचणी सर्वांत निर्णायक. संगणक सुरू होताच डिलीट, एफ २ किंवा कंपनीने ठरवलेली अन्य कळ दाबून बायॉसमध्ये, आजच्या संगणकांत यूईएफआयमध्ये, प्रवेश करावा. काहीही न बदलता तो पडदा दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. येथे विंडोज नाही, तिचा ड्रायव्हरही नाही. तरीही रेघा, ठिपके किंवा विस्कटलेली अक्षरे दिसली, तर ड्रायव्हर निर्दोष ठरतो. अशा संगणकावर विंडोज कितीही वेळा नव्याने बसवली तरी उपयोग नाही; फॉरमॅट मारणे म्हणजे विनाकारण माहितीचा बळी देणे होय.

पडद्यावर काहीच येत नसेल तर कानाचा उपयोग करावा. जुन्या अवॉर्ड बायॉसवर एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व आवाज ग्राफिक्सच्या दोषाचे सूचक असत. एएमआय बायॉसवर आठ आवाज ग्राफिक्सच्या स्मृतीकडे बोट दाखवत. नव्या मदरबोर्डांवर अनेकदा आवाजाऐवजी छोटे दिवे असतात आणि त्यांचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

सेफ मोड आणि त्याची मर्यादा

बायॉसमध्ये चित्र स्वच्छ असेल तर सेफ मोडकडे वळावे. विंडोज ७ पर्यंत सुरुवातीला एफ ८ दाबले की हा पर्याय मिळे. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर टिचकी मारावी, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ४ हा अंक निवडावा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर या वाटेवर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. म्हणून ती आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

सेफ मोडमध्ये विंडोज ग्राफिक्स कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर काम भागवते. येथेही बिघाड कायम असेल, तर यंत्राकडे बोट जाते. बिघाड नाहीसा झाला, तर ड्रायव्हरवरचा संशय बळावतो. मात्र तो संशय असतो, पुरावा नव्हे. सेफ मोडमध्ये ग्राफिक्स चिपला जवळजवळ कामच नसते. धाप लागणारा रुग्ण खुर्चीत बसल्यावर बरा दिसतो, तशी मरणपंथाला लागलेली चिपही येथे निरोगी भासते. अनेकांची फसगत नेमकी येथेच होते.

ही शंका फेडण्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ड्रायव्हर पूर्णपणे काढून, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतलेला ड्रायव्हर नव्याने बसवणे आणि मग त्रिमितीय खेळ किंवा तत्सम जड काम करून पाहणे. दुसरा म्हणजे यूएसबी ड्राइव्हवरून लिनक्स चालवणे. लिनक्स तशी चालवल्याने विंडोजला धक्का लागत नाही आणि तिचे ड्रायव्हर पूर्णपणे निराळे असतात. दोन परक्या प्रणालींवर एकसारख्याच रेघा दिसल्या, तर दोष त्या दोघींना समान असलेल्या यंत्रातच आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

खुणा ओळखाव्यात कशा?

ड्रायव्हरच्या दोषाला बहुधा मुहूर्त असतो. विंडोज अपडेट झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. एकाच खेळात पडदा विस्कटतो, इतरत्र नाही. चित्र मोठे आणि भरड दिसते, पण रेघा नाहीत, अशी ही लक्षणे. अशा वेळी ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’खाली चिपच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे दिसले, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. अपडेटनंतरचा त्रास असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीची आवृत्ती परत आणता येते. पडदा अचानक गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो.

यंत्रदोषाला मुहूर्त नसतो; त्याला तापमान असते. यंत्र थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने बिघडलेले, रेघ सदैव त्याच जागी, धक्का लागताच चित्रात फरक, ही त्याची चिन्हे. तरीही निर्णयाची घाई करू नये. पंख्यावरील धूळ, सैल बसलेले कार्ड किंवा अपुरा वीजपुरवठा हे दोषही असेच दिसतात. ग्राफिक्स चिप प्रोसेसरमध्येच असेल, तर ती संगणकाची मुख्य रॅम वापरते. तेव्हा रॅमचा दोषही पडद्यावर उमटू शकतो.

काही इशारे मात्र दोन्ही बाजूंनी बोलतात. विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स चिपने सुमारे २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद होते. या नोंदीत ड्रायव्हरचे नाव असते, म्हणून दोषही त्याचाच, असे मानले जाते. प्रत्यक्षात प्रतिसाद का मिळाला नाही, हे ती नोंद सांगत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधील ‘कोड ४३’चेही तसेच.

तीन दाखले

ही सीमारेषा किती पुसट आहे, हे इतिहासातून दिसते. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली, तेव्हा संगणक कोलमडण्याच्या असंख्य तक्रारी आल्या. पुढे २००८ मध्ये एका खटल्याच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांत नोंदल्या गेलेल्या अशा घटनांपैकी सुमारे २९ टक्के घटना एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी निगडित असल्याचे दिसले. यंत्रे ठाकठीक होती. दुभाषी कच्चा होता.

जुलै २००८ मध्ये नेमके उलटे घडले. लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिपच्या जोडणीतील साहित्य कमकुवत असल्याचे एनव्हिडियाने जाहीर केले आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. काही लॅपटॉप उत्पादकांनी पंखा अधिक वेळ चालवणारे बायॉस अपडेट दिले. त्याने बिघाड लांबला, पण मूळ दोष तसाच राहिला. ॲपलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संबंधित मॅकबुक प्रो मोफत दुरुस्त करण्याची तयारी दाखवली. मार्च २०१० मध्ये तिसरा प्रकार घडला. पंख्याच्या नियंत्रणात गडबड होऊन कार्डे तापत असल्याच्या तक्रारींनंतर एनव्हिडियाने आपला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला. म्हणजे ड्रायव्हरची चूक यंत्राच्या जिवावर उठू शकते. पंख्याचा आवाज अचानक थांबला आणि यंत्र तापू लागले, तर प्रयोग करीत न बसता संगणक बंद करावा.

दुरुस्तीला देण्यापूर्वी

पडदा गेला म्हणजे माहिती गेली, असे नव्हे. माहिती डिस्कवर असते आणि चित्र बंद असतानाही ती सहसा सुरक्षित राहते. दुरुस्तीला देण्यापूर्वी तिची प्रत काढावी. ते शक्य नसेल तर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. कोणती चाचणी केली आणि तेव्हा काय दिसले, हे टिपून द्यावे. पडद्याचे मोबाइलवर घेतलेले छायाचित्र तंत्रज्ञाला लांबलचक वर्णनापेक्षा अधिक सांगते.

वॉरंटी असेल तर संगणक उघडू नये. चिपला उष्णता देऊन ती ‘जिवंत’ करण्याचा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. त्याने यंत्र काही दिवस चालतेही, परंतु बिघाड बहुधा परततो. अशा दुरुस्तीला हमी किती दिवसांची, हे आधी विचारावे. बहुसंख्य लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. तेव्हा बोर्ड बदलण्याचा खर्च आणि यंत्राचे वय यांचा हिशेब लेखी अंदाजपत्रक हाती आल्यावरच करावा. त्याआधी बायॉसच्या पडद्यासमोर घालवलेली पंधरा मिनिटे मात्र अगदी फुकट असतात, आणि अनेकदा त्यांतच हजारो रुपयांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते.