वस्तीची गाडी आणि रद्द झालेली फेरी : तळीये परिसरातील एसटीच्या वेळापत्रकाचा इतिहास

शहरातली बस उशिरा का येते, या प्रश्नाचा अभ्यास जगभर बराच झाला आहे. खेड्यातली बस येतच नाही तेव्हा नेमके काय घडलेले असते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. शहरी बससेवेचे गणित गॉर्डन नेवेल आणि रेनफ्री पॉट्स या दोघांनी 1964 साली मांडले आणि ते आजही ग्राह्य धरले जाते. एखादी बस काही कारणाने दोन मिनिटे मागे पडली, की पुढच्या थांब्यावर तेवढ्या अवधीत जास्त उतारू जमतात, त्यांना चढवून घेण्यात आणखी वेळ जातो, आणि तिच्या मागून येणाऱ्या बसला उतारू कमी मिळत असल्याने ती भराभर पुढे सरकून पहिलीला गाठते; त्यामुळे अर्धा तास थांब्यावर काहीच येत नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या एकापाठोपाठ उभ्या राहतात. मुंबईत 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासूनच्या शहरी प्रवाशाला हा अनुभव परिचित आहे. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, तळीयेसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत मात्र हे गणित लागू पडत नाही, कारण तिथे पहिलीला गाठायला मागून दुसरी गाडीच येत नसते. दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या असलेल्या गावात एक फेरी रद्द झाली, तर तिची किंमत मिनिटांत मोजता येत नाही. दवाखाना, बाजार, तहसील कचेरी किंवा परीक्षा यांपैकी जे काही त्या दिवशी ठरलेले असेल, ते बुडते. सेवेत हा खंड कसा पडत गेला, हे समजण्यासाठी या परिसरातील दळणवळणाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

महाड हे मुळात नदीकाठचे बंदर. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीवर भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत असत आणि पाणी पुरेसे नसेल तेव्हा माल खाली दासगावलाच उतरवावा लागे. प्रवासाची वेळ त्या काळी घड्याळ ठरवत नसे, ती भरती-ओहोटी ठरवत असे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, जे शक्य होई ते भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या उथळ पाण्यात शक्य होत नसे. घाटमाथ्याशी संबंध वरंध घाटाने भोरकडे, तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे होता. मोटारीचा रस्ता झाल्यावरही मुंबईचा प्रवास बराच काळ दोन तुकड्यांत होत असे : धरमतरपर्यंत रस्त्याने आणि तिथून पुढे आगबोटीने. अशा प्रवासात उशीर हा कोणाचा दोष मानला जात नव्हता, कारण वेळेचे वचन कोणी दिलेलेच नव्हते.

खाजगी मोटारींच्या काळातही हे वचन आले नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत गावोगाव सुरू झालेल्या मोटारींचा नियम साधा होता : गाडी भरली की सुटणार. मालकाच्या दृष्टीने तो रास्तच होता, पण त्याचा अर्थ असा, की ज्या वाटेवर उतारू थोडे, त्या वाटेवर गाडी केव्हा सुटेल हे सांगता येत नसे आणि पावसाळ्यात ती सुटेलच असेही नसे. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, मार्ग आणि भाडी यांना शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. खरा बदल स्वातंत्र्यानंतर, मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेण्याचे ठरवले तेव्हा सुरू झाला. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढे 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली या सेवेला महामंडळाचे रूप मिळाले. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे 1981 पासूनच्या रायगडाच्या, दऱ्याखोऱ्यांत ही सेवा पसरत गेली, तेव्हा तिने लोकांना रस्त्यापेक्षाही मोठी एक गोष्ट दिली, ती म्हणजे वेळापत्रक. गाडीत पाच माणसे असोत की पन्नास, ठरल्या वेळी ती सुटेल, हे तत्त्व या डोंगराळ मुलखाला नवे होते, आणि एसटीवरचा लोकांचा विश्वास त्यातूनच घडला.

त्याच कायद्यात मात्र एक ताण सुरुवातीपासून दडलेला होता. महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा, असे 1950 च्या कायद्याचे 22 वे कलम सांगते. महामंडळाचे ब्रीद मात्र बहुजन हिताय, बहुजन सुखाय असे आहे. या दोन आज्ञा एकाच वेळी पाळायच्या, तर तोट्याच्या खेड्यातील फेरीचा खर्च फायद्याच्या लांब पल्ल्याच्या मार्गाने उचलायचा, हाच एक मार्ग उरतो, आणि अनेक दशके एसटीने तो निष्ठेने अनुसरला. सरकारने तिच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर दीर्घकाळ आकारला, ही गोष्ट तोट्याची चर्चा करताना बहुधा विसरली जाते.

खेड्यांच्या दृष्टीने या काळातील सर्वांत मोलाची व्यवस्था म्हणजे वस्तीची गाडी, जिला मुक्कामी गाडी असेही म्हणतात. संध्याकाळची शेवटची फेरी आगारात, म्हणजे गाड्यांच्या मुख्य ठाण्यात, न परतता मार्गाच्या शेवटच्या गावातच रात्रभर उभी राहते आणि पहाटे तिथूनच सुटते. चालक आणि वाहक देवळाच्या किंवा शाळेच्या पडवीत पथारी टाकत, वाहक तिकिटांची पेटी आणि दिवसभराचा भरणा उशाशी घेऊन झोपे, आणि गावातले कोणी ना कोणी त्यांच्या भाकरीची, अंघोळीच्या पाण्याची सोय पाहत असे. पहाटे इंजिन सुरू होऊन गाडी तापू लागली, की तो आवाज ऐकून वाड्यांवरची माणसे बॅटरीच्या उजेडात पायवाटांनी उतरू लागत. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि दप्तरे आत चढत, आणि एखाद्या घरचे माणूस अजून वाटेत आहे हे ठाऊक असलेला वाहक घंटीची दोरी दोन मिनिटे उशिरा ओढत असे. या दोन मिनिटांची नोंद कुठेच होत नसे, पण त्या दिवसाची पहिली फेरी मात्र हमखास होत असे, कारण गाडी आधीच गावात होती. महाडहून रिकामी गाडी पहाटे आत पाठवायची झाली, तर चालक हजर नसणे, गाडी दुरुस्तीत अडकणे, डिझेल भरण्याची रांग असे सगळे अडथळे आगाराच्या फाटकातच उभे राहतात. मुक्कामी गाडीने ते सगळे आदल्या संध्याकाळीच मागे टाकलेले असत. खेड्यातील सेवा नियमित ठेवण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय कोणत्याही परिवहनतज्ज्ञाला सुचलेला नाही.

पुढे राज्यात जागोजागी या मुक्कामी गाड्या कमी होत गेल्या. चालक-वाहकांच्या निवाऱ्याची, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय गावोगाव पडकी झाली, ही कर्मचाऱ्यांची तक्रार अगदी खरी आहे. दिवसभर अवघड वळणे काढणाऱ्या माणसाला रात्री नीट झोप मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती चाळीस माणसे सोपवणे योग्य नाही. पण सोय सुधारण्याऐवजी मुक्कामच रद्द झाला, की पहाटेची फेरी आगाराच्या भरवशावर येते आणि खंडाची सुरुवात तिथे होते.

हा खंड पडतो कसा, हे समजून घेण्यासाठी एसटीच्या भाषेतील नियत ही संज्ञा लक्षात घ्यावी लागते. नियत म्हणजे एका गाडीला आणि तिच्या चालक-वाहकाला एका दिवसासाठी लावून दिलेली फेऱ्यांची साखळी. तीत लांबची एक फेरी आणि तिला जोडलेल्या जवळच्या एक-दोन फेऱ्या असू शकतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम 2011 पासून रेंगाळलेले आहे. माणगाव किंवा इंदापूरच्या कोंडीत मुंबईहून येणारी गाडी दीड-दोन तास अडकली, तर ती महाडला पोहोचेपर्यंत तिच्या साखळीतील खेड्याची वेळ टळून गेलेली असते. वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्थानकावरच्या खिडकीत बसून गाड्या सोडणारा कर्मचारी, अशा वेळी दोनच गोष्टी करू शकतो : हाताशी मोकळी गाडी असेल तर ती पाठवायची, नसेल तर नोंदवहीत त्या फेरीपुढे रद्द असे लिहायचे. मोकळी गाडी असली तरी मोकळा चालक असतोच असे नाही, कारण 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाच्या कामाचे तास आठ ठरवले आणि सुरक्षिततेसाठी ते पाळले जायलाच हवेत. रद्द करायची वेळ आली, की लांब पल्ल्याची, आरक्षण झालेली फेरी क्वचितच निवडली जाते. निवडली जाते ती आतल्या गावाची, कारण तिथल्या प्रवाशाच्या हातात तिकीट नसते आणि तक्रार करायला तो खिडकीपाशी उभा नसतो.

सणासुदीत हीच निवड मोठ्या प्रमाणावर होते. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी हजारो जादा गाड्या सोडल्या जातात, आषाढीला पंढरपूरसाठी सोडल्या जातात, निवडणुकीला मतदान यंत्रे आणि कर्मचारी यांच्या ने-आणीसाठी दिल्या जातात. या गाड्या आणि त्यांचे चालक रोजच्या नियतांमधूनच काढलेले असतात. कोकणाच्या नशिबी यात एक विलक्षण विसंगती आली आहे : मुंबईचा मुलगा जादा गाडीने महाडपर्यंत सुखरूप येतो, आणि त्याच आठवड्यात गावातल्या त्याच्या आईला महाडला जायला गाडी नसते.

निसर्गाने या खोऱ्यावर घातलेले घाव याहून फार खोल आहेत. जुलै 2005 मधील अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या त्यांच्या चालक-वाहकांसह, प्रवाशांसह नदीत गेल्या. नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला. 22 जुलै 2021 रोजी, ज्या दिवसाच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळीयेवर डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर पुराखाली होते, रस्ते दरडींनी बंद होते आणि मदत पथके गावापर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर वरंध घाट पावसाळ्यात जड वाहनांना वारंवार बंद ठेवावा लागला आहे, आणि पुण्याकडे जाणारी गाडी ताम्हिणीच्या लांबच्या वाटेने वळवली, की तिच्या साखळीतील उरलेल्या फेऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. दरड थांबवणे परिवहन खात्याच्या हाती नाही. पण दरवर्षी जून ते सप्टेंबर घाट बेभरवशाचा असतो हे ठाऊक असताना उन्हाळ्याचेच वेळापत्रक पावसाळ्यातही फलकावर ठेवणे, हा मात्र माणसांनी घेतलेला निर्णय असतो.

तळीयेच्या दुर्घटनेनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. त्याआधीची टाळेबंदी धरली, तर दोन वर्षांत खेड्यांची एसटीची सवय मोडली. कोविडपूर्वी राज्यात सुमारे 18,000 असलेल्या गाड्या पुढे 16,000 च्या खाली आल्या. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च 2023 मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, तेव्हा उतारू वाढले पण गाड्या तेवढ्याच राहिल्या. सवलत अत्यंत योग्य होती; म्हातारी माणसे आणि बायका हेच आतल्या गावांचे खरे प्रवासी आहेत. मात्र ज्या गावाला गाडीच येत नाही, तिथल्या आजीच्या हातातले ओळखपत्र तिला महाडच्या दवाखान्यात पोहोचवू शकत नाही.

फेरी बंद करताना भारमानाचे कारण दिले जाते. भारमान म्हणजे गाडीच्या एकूण आसनक्षमतेपैकी किती भागाचा प्रत्यक्षात वापर झाला याचे प्रमाण. हा निकष लांब पल्ल्याला योग्य असला, तरी खेड्याला लावताना त्यात एक मोठी चूक होते. आठवड्यातून दोनदा न येणाऱ्या गाडीवर कोणी अवलंबून राहत नाही. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार दुचाकी घेतो, शाळकरी मुलांची सोय नातेवाइकांकडे होते, बाकीचे मुख्य रस्त्यापर्यंत चालत येऊन मिनीडोर किंवा सहा आसनी रिक्षा पकडतात, आणि ती पुन्हा जुन्याच नियमाने, भरली की सुटते. 1993 साली कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, पण वीर स्थानकापासून आतल्या खोऱ्यापर्यंतचा तुकडा तिनेही भरून काढला नाही. मग मोजणी होते, भारमान कमी भरते आणि फेरी कायमची जाते. उतारू आधी कमी झाले की गाडी आधी बेभरवशाची झाली, हा क्रम तपासल्याशिवाय कोणतीही फेरी बंद करणे अन्यायाचे आहे.

महाड आणि पोलादपूरच्या आतल्या गावांना भरगच्च सेवा नको आहे. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, अशा दोन फेऱ्या कोणत्याही सणाला, निवडणुकीला किंवा कोंडीला बळी पडणार नाहीत, एवढी हमी त्यांना हवी आहे. त्यासाठी या दोन फेऱ्या लांब पल्ल्याच्या नियतांपासून सोडवाव्यात, मोठ्या गावांत चालक-वाहकांसाठी कुलूप, पंखा आणि शौचालय असलेली एक खोली ग्रामपंचायतीने व महामंडळाने मिळून बांधावी आणि वस्तीची गाडी पुन्हा सुरू करावी. नियंत्रकाच्या नोंदवहीत रद्द म्हणून लिहिलेली प्रत्येक फेरी कारणासह दर महिन्याला त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.