पदर सुटतील तरच पॅटिस

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार) ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्वपरिचित आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला आणि संगमावरील धार्मिक विधींसाठी तेथे वर्षभर भाविकांची ये-जा असते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला जवळच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिचा प्रसिद्ध घोडेबाजार भरतो. त्याच सुमारास नाताळची सुटी लागते. पुण्या-मुंबईत आणि सुरतेत स्थिरावलेली मंडळी मुलाबाळांसह या भागातील आपापल्या गावी येतात आणि घरोघरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. अशा वेळी भरताच्या पंगतीआधी किंवा संध्याकाळच्या चहाबरोबर काही वेगळे, खुसखुशीत द्यावे असे यजमानांना वाटते. बेकरीतले पॅटिस हा त्यावरचा सोपा तोडगा. मात्र देवस्थानाच्या गावात त्याबरोबर दोन प्रश्न हमखास विचारले जातात : यात अंडे आहे का? आणि हे कोणत्या तुपात केले आहे?

हे दोन्ही प्रश्न सोवळ्याओवळ्याचे म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. बेकरीत पॅटिसला तकाकी यावी म्हणून वरून अंड्याचा हात फिरवण्याची पद्धत सर्रास आहे. आतले सारण बटाट्याचे असले तरी वरचा थर त्यामुळे शाकाहारी राहत नाही. स्निग्धांशाविषयीचा संशयही निराधार म्हणता येत नाही. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेल्या जनावरांच्या चरबीची भेसळ होत असल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि देशभर खळबळ उडाली. त्या काळात अनेक घरांनी बेकरीचे पदार्थ वर्ज्य केले. काहींची ती सवय पुढच्या पिढीतही टिकली. पॅटिस घरी केल्यास दोन्ही प्रश्न मिटतात. अडचण एवढीच, की हा पदार्थ घरी जमत नाही असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा नाही. चैत्र-वैशाखात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, खानदेशात पॅटिस घरी करू पाहणाऱ्याची फजितीच व्हायची. डिसेंबरातली गोष्ट मात्र निराळी.

नावाचा घोळ आधी निस्तरायला हवा. मराठीत ‘पॅटिस’ म्हटले की कोणाला रगड्याबरोबरचे बटाट्याचे, कोणाला उपवासाचे, तर कोणाला बेकरीतले आठवते. गुजरातेत बेकरीतल्या या पदार्थाला ‘पफ’ म्हणतात आणि सीमेलगतच्या नंदुरबार जिल्ह्यातही हा शब्द अनोळखी नाही. पुण्यात मात्र ते पॅटिसच. लष्कर भागातील हिंदुस्थान बेकरी आणि डेक्कनजवळील संतोष बेकरी यांच्या पॅटिसवर पुणेकरांच्या पिढ्या पोसल्या आहेत. प्रकाशाचे बेकरीशी असलेले नाते मात्र पुण्यापेक्षा सुरतेचे अधिक. जी तापी प्रकाशाच्या घाटाला लागून वाहते तीच उकाईचे धरण ओलांडून पुढे सुरतेला समुद्राला मिळते. सुरत ही डचांची जुनी वखार. तेथील दोटीवाला हे पारशी बेकरीवाले आपला वारसा डचांच्या भट्टीशी जोडतात आणि आपल्या बेकरीचे स्थापनावर्ष १८६१ सांगतात. खारी, बटर आणि नानकटाई या सुरतेच्या जिनसा खानदेशात पाहुण्यांच्या पिशवीतून येत राहिल्या. पॅटिसचे पीठ हे त्या खारीचेच भावंड आहे.

साट्याचे गणित

ज्या घरात चिरोटे होतात त्या घराला पॅटिसचे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. पोळ्यांमध्ये साटा लावायचा, त्या एकावर एक ठेवून गुंडाळायच्या, म्हणजे तळताना पदर सुटतात. पीठ आणि पीठ यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थाचा थर राहिला की दोन पदर एकमेकांना चिकटत नाहीत, हे यामागचे साधे तत्त्व होय. पॅटिसमध्ये पोळ्या रचण्याऐवजी लोण्याची एक अखंड वडी पिठात लपेटतात आणि ती लाटून, घडी घालून, पुन्हा लाटतात. प्रत्येक वेळी तीन पदरी घडी घातली तर लोण्याचे थर तिपटीने वाढत जातात : पहिल्या घडीला ३, दुसऱ्या घडीला ९, मग २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९. घरच्या कामाला चार किंवा पाच घड्या पुरेशा होतात. सहाव्या घडीपर्यंत नवख्या हातून थर फाटून एकमेकांत मिसळण्याचाच संभव अधिक.

मग ते फुगते कशाने? पॅटिसमध्ये यीस्ट नसते, सोडाही नसतो. फुगवण्याचे सारे काम पाण्याची वाफ करते. भट्टीच्या उष्णतेने पिठातील आणि लोण्यातील पाण्याची वाफ होते, तिचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते, आणि बाहेर पडण्याच्या धडपडीत ती एकेक पदर उचलते. तोवर पिठातील स्टार्च आणि ग्लुटेन घट्ट होतात व उचललेला पदर तसाच उभा राहतो. पिठात लोणी किती घातले यापेक्षा ते शेवटपर्यंत वेगळ्या थरात राहिले की नाही, यावर सारे अवलंबून असते. लोणी पिठात विरघळून मुरले की पॅटिस होत नाही, शंकरपाळ्यासारखी खुसखुशीत पण बसकी वडी होते.

लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून मऊ पडू लागते. लाटण्यासाठी खोलीचे तापमान १८ ते २० अंश असले तर उत्तम. तापीखोऱ्यात डिसेंबरातल्या पहाटे हे तापमान आपसूक मिळते. शहरातल्या वातानुकूलित स्वयंपाकघराची येथे गरज नाही. ओटा कडाप्प्याचा किंवा फरशी शहाबादी असेल तर फारच चांगले, कारण थंड दगडावर लोणी घट्ट राहते. काम सकाळी आठच्या आत उरकावे. दुपारी ऊन चढल्यावर पीठ काढून बसणे म्हणजे हातचे घालवणे.

लोणी की मार्जरीन?

बेकऱ्या लोण्याऐवजी मार्जरीन वापरतात, याचे कारण केवळ स्वस्ताई नाही. पफसाठी मुद्दाम तयार केलेले मार्जरीन चाळीस अंशांच्या वरच वितळते, त्यामुळे ते उन्हाळ्यातही लाटता येते. त्याची चव मात्र जिभेवर मेणासारखी रेंगाळते, कारण तोंडाच्या उष्णतेने ते नीट विरघळत नाही. जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपात आणि मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅटचे प्रमाण मोठे असे. हृदयरोगाशी असलेल्या त्यांच्या संबंधामुळे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. नियम आहे हे खरे. सुट्या मालाच्या डब्यावर नाव-गाव नसेल तर तो पाळला गेला की नाही हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही, हेही तितकेच खरे.

लोणी वापरले म्हणून पॅटिस पथ्याचे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढे दिलेल्या प्रमाणाने एका लहान पॅटिसमध्ये सुमारे ७ ग्रॅम लोणी येते. चार खाल्ले की जवळजवळ दोन मोठे चमचे लोणी पोटात गेले. पाहुण्यांसाठी आकार दोन घासांचा ठेवावा तो यासाठीच.

बाजारातल्या टेबल बटरमध्ये नियमाप्रमाणे किमान ८० टक्के स्निग्धांश, कमाल १६ टक्के पाणी आणि कमाल ३ टक्के मीठ असते. पॅटिसला ते योग्य. त्यात मीठ असल्याने पिठात वेगळे मीठ चिमूटभरच घालावे. घरचे पांढरे लोणी चवीला सरस असले तरी त्यात ताकाचा अंश अधिक असतो आणि लाटताना ते पीठ भिजवते. वापरायचेच झाल्यास थंड पाण्याने दोन-तीनदा धुवून, कापडात दाबून, फ्रीजमध्ये घट्ट करून घ्यावे. तुपाचा उपयोग येथे नाही. त्यात पाणी नसते, ते रवाळ असते आणि त्याची सलग वडी लाटली जात नाही.

कृती

सुमारे ५० लहान पॅटिससाठी मैदा ५०० ग्रॅम, लोणी ४०० ग्रॅम, थंडगार पाणी साधारण २५० मिलिलिटर आणि लिंबाचा रस एक चहाचा चमचा लागेल. लिंबाच्या आंबटपणाने पीठ लाटताना कमी आखडते. ५० ग्रॅम लोणी मैद्यात चोळून घ्यावे, पाणी बेताबेताने घालून पीठ भिजवावे. फार मळू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. उरलेले ३५० ग्रॅम लोणी प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकत बोटभर जाडीची चौकोनी वडी करावी.

येथे बहुतेकांचा घोटाळा होतो. वडी फ्रीजमधून दगडासारखी कडक काढली तर लाटताना तिचे तुकडे पडतात आणि ते पिठाला भोके पाडतात. फार मऊ असली तर कडेने बाहेर येते. वडी वाकवल्यावर तुटू नये आणि बोटाने दाबल्यावर खोलगट खूण उमटावी, अशी असली पाहिजे. पीठ आणि लोणी यांचा मऊपणा सारखा, एवढी एकच गोष्ट सांभाळली तरी निम्मे काम झाले.

पीठ वडीच्या दुप्पट आकाराचे लाटून त्यात वडी लपेटावी, कडा दाबून बंद कराव्यात. लांबट लाटून तीन पदरी घडी घालावी, पाटाप्रमाणे आडवी फिरवून पुन्हा लाटावी, पुन्हा घडी घालावी. दोन घड्या झाल्या की अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये विश्रांती. मग पुन्हा दोन घड्या, पुन्हा विश्रांती. लाटताना भुरभुरलेला मैदा दरवेळी झटकून टाकावा. लोणी पृष्ठभागावर डोकावू लागले की काम तिथेच थांबवून पीठ थंड करावे. घाई येथे उपयोगाची नाही. रात्री पीठ तयार करून फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी लाटले तर सर्वांत सोयीचे.

सारण कोरडे हवे

खानदेशात हिवाळा म्हणजे भरिताचा मोसम. जळगाव जिल्ह्यातील आसोदा आणि बामणोदची वांगी त्यासाठी नावाजलेली. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे आणि कोथिंबीर हे सारे पॅटिसमध्ये अप्रतिम लागते. पण पंगतीला वाढायचे भरीत जसेच्या तसे भरले तर तळाचा पदर कच्चा आणि चिकट राहणार हे निश्चित. वांग्याचा गर चाळणीत तासभर निथळत ठेवावा, मग कढईत परतून कोरडा करावा आणि शेंगदाण्यांचे जाडसर कूट घालून घट्ट बांधावा. पातीचा कांदा शेवटी, शिजवू नये. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरावे. कोमट सारणानेही लोणी वितळते. वर किंचित नंदुरबारची लाल मिरची भुरभुरली तर रंगही येतो. हे शहर मिरचीची मोठी बाजारपेठ असून हिवाळ्यात तेथील पथारींवर लालभडक मिरची वाळताना दिसते.

तिखट न खाणाऱ्या शहरी नातवंडांसाठी उकडलेला बटाटा, तुरीचे ओले दाणे, आले आणि जिरे यांचे साधे सारण पुरेसे आहे.

पीठ सुमारे चार मिलिमीटर जाड लाटून सात सेंटिमीटरचे चौकोन धारदार सुरीने, सरळ दाब देऊन कापावेत. सुरी ओढली की कडेचे थर एकमेकांना चिकटतात आणि त्या बाजूने पॅटिस फुगत नाही. मध्यभागी चमचाभर सारण ठेवून, कडेला पाण्याचे बोट फिरवून त्रिकोणी मिटावे. वर सायीचे दूध लावावे. अंड्याइतकी तकाकी येत नाही, पण रंग सोनेरी येतो. दूध कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नये. उरलेल्या कातरणांचा गोळा करू नये, त्या एकावर एक रचून लाटाव्यात. वर तीळ, ओवा आणि जिरे दाबून, पिळे देऊन भाजल्या की चहाबरोबर खारी तयार.

ओव्हन आधीच २०० ते २१० अंशांपर्यंत तापलेला असावा. पहिली दहा-बारा मिनिटे त्याच आचेवर, नंतर १८० अंशांवर आणखी दहा-बारा मिनिटे. पहिल्या पंधरा मिनिटांत दार उघडू नये. मध्येच वीज गेली तर वर आलेले पदर बसतात आणि पुन्हा उठत नाहीत, म्हणून ग्रामीण भागात हा धोका धरूनच चालावे लागते. दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची जुनी रीत अनेक गावांत होती. ओळखीचा बेकरीवाला असेल तर पॅटिससाठीही तीच वापरता येते. फक्त ट्रे नेताना खाली बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि अंड्याचा हात फिरवू नये हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

भरलेली कच्ची पॅटिस एकेक सुटी करून फ्रीझरमध्ये गोठवली तर दोन-तीन आठवडे टिकतात आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये जातात. भाजायला चार-पाच मिनिटे अधिक लागतात. भाजलेली उरली तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत, चामट होतात. जाड तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकली की पुन्हा कुरकुरीत होतात.